वाचकांचे प्रश्न: धडका न मारता डिफेन्स कसा होतो? लिडस्ट्रॉमबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात आईस हॉकीतल्या डिफेन्समनबद्दल लिहिलं होतं आणि त्यात डेट्रॉइट रेड विंग्ज (उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सगळ्यात मोठ्या लीगमधली टीम) च्या निकलस लिडस्ट्रॉमला मी जुन्या जमान्यातला महान डिफेन्समन बॉबी ऑरच्या शेजारी बसवलं, त्यावर एवढे मेल आले की या वेळी सगळा कॉलम त्यालाच देतोय. काही जणांचे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न: सर, लिडस्ट्रॉमला ऑरच्या बरोबरीने बसवलंत ते अजिबात पटलं नाही. मी त्याच्या क्लिप्स शोधून बघितल्या, ना कुणाला उडवतोय ना कुणाशी भिडतोय. डिफेन्समन म्हटलं की समोरच्याला धडकी भरली पाहिजे ना? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: क्लिपमध्ये तो सापडायचा नाहीच हो. क्लिप गोलची निघते, धडकेची निघते, जो गोल झालाच नाही त्याची क्लिप कोण काढणार? त्याला बघायचा तर अख्खी मॅच लावायची आणि पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, न बघता फक्त 5 नंबरच्या जर्सीकडे बघायचं, दहा मिनिटांत कळतं हा माणूस काय करतोय ते.

समजा समोरून फॉरवर्ड पक घेऊन फुल स्पीडमध्ये येतोय. डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केटिंग करत मागे सरकतो. आता दोघांमधलं अंतर जास्त ठेवलं तर तो आरामात शॉट मारणार, कमी ठेवलं तर बाजूने निसटणार, आणि मोठी धडक मारायला गेलात नि ती हुकली तर तुम्ही बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आणि तो एकटा गोलकीपरसमोर. लिडस्ट्रॉम काय करायचा तर ते अंतर बरोब्बर तेवढंच ठेवायचा, अंगाने मधली वाट बंद करायचा म्हणजे समोरच्याला आपोआप कडेला, बोर्डकडे सरकावं लागायचं, आणि स्टिकचं पातं बर्फावर टेकवून पासच्या वाटेत धरून ठेवायचा. कडेला गेलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, वाईट कोनातून शॉट नाहीतर घाईचा पास. आणि पास मारला की ती स्टिक तिथे आधीच असायची. कबड्डीत चांगला कोपरारक्षक कसा रेडरवर उगाच झेप घेत नाही, त्याला आत येऊ देतो, पाय जड पडेपर्यंत थांबतो आणि मग एकदाच घोटा धरतो, तसलाच संयम आहे हा, फक्त इथे सगळं ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात चालू असतं.

तुम्हाला धडकीच बघायची असेल तर 1997 ची स्टॅनली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, फायनल घ्या. समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स, त्यांचा कॅप्टन एरिक लिंड्रॉस, सहा फूट चार इंच, आणि त्याची ती 'लीजन ऑफ डूम' नावाची लाईन, म्हणजे एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड, तिघेही दांडगे. सगळ्यांना वाटलं डेट्रॉइटचा कोच स्कॉटी बोमन त्यांच्यासमोर व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला सोडणार, कारण टीममधला सगळ्यात कडक धडका मारणारा तोच होता. बोमनने सोडली लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फीची जोडी, दोघंही हिटिंगसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेले! डोकं असं की ज्यांना आपटून आपटून खेळायचंय त्यांना आपटायला कुणी द्यायचंच नाही, पक आपल्या झोनमध्ये आला की त्यांच्या आधी गाठायचा आणि एका पासमध्ये बाहेर काढायचा. डेट्रॉइट 4-0 ने जिंकलं आणि लिंड्रॉसला अख्ख्या फायनलमध्ये एकच गोल मिळाला, तोही चौथ्या मॅचच्या शेवटच्या काही सेकंदात, जेव्हा काही फरक पडणार नव्हता. 42 वर्षांनी डेट्रॉइटला कप मिळाला तो असा.

आता ऑर. ऑर या खेळातला चमत्कार आहे यात वादच नाही, सलग 8 नॉरिस ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळते ती), डिफेन्समन असून दोनदा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला मदत करणारे पास, मिळून), हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पण गुडघ्यांनी साथ सोडली, 657 मॅच आणि तिशीत करिअर संपलं. लिडस्ट्रॉमच्या नॉरिस 7 आणि मॅच 1564. मी दोघांना शेजारी बसवलं ते एवढ्यासाठीच की ऑरने या जागेवर काय काय करता येतं ते दाखवलं आणि लिडस्ट्रॉमने तेच वीस वर्षं रोज कसं करायचं ते दाखवलं, आणि मला तरी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा सोपी वाटत नाही.

प्रश्न: नमस्कार, आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याच्या टीममध्ये सगळ्यात बारीक, आणि कोच त्याला डिफेन्सला खेळवतात. गोल करायला मिळत नाहीत म्हणून घरी येऊन रडतो. भारतातून आजी-आजोबा फोनवर रोज विचारतात आज किती गोल केलेस. त्याला फॉरवर्डला टाका म्हणून कोचशी बोलू का? – एक आई

उत्तर: ताई, हे सीझन संपेपर्यंत तरी बोलू नका असं मला मनापासून वाटतं. एक तर अंगाची काळजी आत्ताच करू नका, यूएसए हॉकी या तिथल्या संघटनेने 2011 पासून बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक मारणं, 14 वर्षांखालच्या गटापासून सुरू केलंय, 12 खालच्यांना मुद्दामच त्यातून बाहेर ठेवलंय, कारण त्या वयात मुलांनी स्केटिंग आणि पक हाताळणं शिकावं, धडक नंतर शिकता येते. म्हणजे तुमच्या मुलाला धडकेशिवाय डिफेन्स करायला शिकायचंय, आणि त्याचा सगळ्यात मोठा मास्तर तुमच्याच गावच्या टीममध्ये वीस वर्षं खेळून गेलाय.

त्याला उलटं स्केटिंग भरपूर करायला सांगा. उलटं जाता जाता दोन्ही बाजूंना वळणं, परत सरळ होणं, वेग न तोडता. मोठ्यामोठ्या डिफेन्समनचं इथेच अडतं. दुसरं, स्टिक एका हातात पुढे धरून पातं बर्फावर ठेवायची सवय, दमलं की मुलं पहिली स्टिक वर उचलतात. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पक मिळाला की पहिला पास नीट जाणं. कोपऱ्यात पक घ्यायला जाण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघून घ्यायचं, कोण कुठे आहे ते, म्हणजे पक हातात आल्यावर विचार करत बसावं लागत नाही.

आणि आजी-आजोबांना प्लस-मायनस समजावून सांगा, त्यांना आवडेल बघा. दोन्ही टीमची माणसं बर्फावर सारखी असताना आपल्या टीमचा गोल झाला आणि तुम्ही त्या वेळी बर्फावर होतात तर अधिक एक, गोल खाल्ला तर उणे एक, सोपं आहे. लिडस्ट्रॉमचं करिअर अधिक 450 वर संपलं. वीस सीझनमध्ये एकच सीझन उण्यात गेला, 2010-11 चा, तोही उणे 2, आणि गंमत म्हणजे त्याच सीझनला चाळिशीत त्याने सातवी नॉरिस घेतली. तर फोनवर किती गोल केलेस विचारण्याऐवजी आज तू बर्फावर असताना किती खाल्ले असं विचारलं तर पोराच्या खेळाचा खरा हिशोब त्यांना कळेल आणि त्यालाही सांगायला काहीतरी असेल.

आणि गोल डिफेन्समनला मिळतच नाहीत असंही काही नाही. त्याचे 264 आहेत. पॉवर प्लेला, म्हणजे पेनल्टीमुळे समोरच्यांचा माणूस कमी असताना, तो ब्लू लाइनवर, म्हणजे समोरच्यांच्या झोनच्या सीमेवर, उभा राहायचा, टोमास होल्मस्ट्रॉम गोलकीपरच्या नाकासमोर ठाण मांडून त्याची नजर अडवायचा, आणि लिडस्ट्रॉम खालून जाणारा, फार जोराचा नसलेला शॉट मारायचा, असा की वाटेत होल्मस्ट्रॉमला स्टिक लावून दिशा बदलता यावी. कधी कधी तर मुद्दाम गोलच्या बाहेर मारायचा! डेट्रॉइटच्या तेव्हाच्या घरच्या रिंकचे, जो लुई अरीनाचे, बोर्ड उसळीसाठी प्रसिद्ध होते, पक मागच्या बोर्डवर आपटून दुसऱ्या बाजूला फॉरवर्डच्या स्टिकवर यायचा आणि गोलकीपर अजून पहिल्या बाजूला बघत असायचा. तो पक तिथे येणार हे आधी ठरवून मारलेलं असायचं, म्हणजे गोल दुसऱ्याच्या नावावर आणि डोकं याचं. असिस्ट 878 आहेत ते उगाच नाहीत.

प्रश्न: या खेळात करिअर कसं घडतं? क्रिकेटसारखं रणजी-आयपीएल असं काही असतं का? पैसे किती, वर्षं किती मिळतात? – एक कॉलेज विद्यार्थी, नाशिक

उत्तर: साधारण अठराव्या वर्षी ड्राफ्ट होतो, आता एनएचएलच्या 32 टीम आहेत आणि 7 राऊंड, म्हणजे वर्षाला 224 पोरं निवडली जातात. निवड झाली म्हणजे टीममध्ये आलात असं नाही, हे नीट समजून घे. त्यातले बरेच जण ज्युनियर लीग, कॉलेज हॉकी, युरोपातल्या लीग किंवा एनएचएलच्या खालची एएचएल इथे वर्षानुवर्षं खेळतात आणि कित्येक वर पोचतच नाहीत. डिफेन्सच्या जागा मोजायला सोप्या आहेत, मॅचला एका टीमचे सहसा सहाच डिफेन्समन बर्फावर उतरतात, तीन जोड्या, म्हणजे 32 टीमच्या मिळून 192 जागा, अख्ख्या जगातून. पगार 2025-26 च्या सीझनसाठी कमीत कमी 7 लाख 75 हजार डॉलर ठरला होता, मोठ्या नावांना त्याच्या दसपट आणि वर. पण ज्याची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, कोचने कमी केली त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट लगेच डळमळीत होतं.

लिडस्ट्रॉमचंच उदाहरण घे. जन्म 28 एप्रिल 1970, स्वीडनमधल्या आवेस्ताजवळचा, क्लब व्हेस्टेरोस. 1989 च्या ड्राफ्टला त्याचं नाव फार कुणाला माहीत नव्हतं, डेट्रॉइटचा स्वीडनमधला स्काउट क्रिस्टर रॉकस्ट्रॉमने त्याला हेरलं होतं. डेट्रॉइटने तिसऱ्या राऊंडला, 53 व्या नंबरवर त्याला घेऊन टाकलं. त्याच ड्राफ्टला त्यांनी चौथ्या राऊंडला सर्गेई फेदोरोव्ह आणि अकराव्या राऊंडला, 221 व्या नंबरवर कॉन्स्टँटिनोव्ह घेतला. एका टीमने एका दिवसात एवढं कमावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आणि निवड झाल्या झाल्या तो अमेरिकेला पळाला नाही. दोन वर्षं स्वीडनमध्येच मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला, 1991 ला स्वीडनबरोबर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं आणि मग डेट्रॉइट. पहिल्याच सीझनला 60 पॉइंट. तिथे त्याचा जोडीदार होता ब्रॅड मॅक्रिमन, तिशी ओलांडलेला, मागे थांबून डिफेन्स सांभाळणारा, त्यामुळे नवीन पोराला पक घेऊन पुढे जायची मोकळीक मिळाली. नवीन डिफेन्समनला पहिल्या वर्षी जोडीदार कोण मिळतो यावर फार अवलंबून असतं, आणि ही गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते कारण कुठल्याच आकडेवारीत ती येत नाही. (मॅक्रिमन पुढे रशियातल्या लोकोमोटिव्ह यारोस्लाव्हलचा कोच झाला आणि 7 सप्टेंबर 2011 ला त्या टीमच्या विमान अपघातात गेला.)

एवढं होऊनही पहिली नॉरिस कधी मिळाली? 2001 ला, एकतिसाव्या वर्षी. त्याआधी 1998, 1999, 2000 सलग तीन वर्षं दुसरा. डिफेन्समन उशिरा पिकतो, हे लक्षात ठेव.

प्रश्न: वीस वर्षं खेळून एवढ्या कमी इंजरी, हे नशीब म्हणायचं की काय? आणि मग 42 व्या वर्षी थांबला का, अजून खेळला असता की. – एक वाचक, सांगली

उत्तर: नशीब आहेच, पण सगळं नशीब नाही. त्याच्या वीस सीझनमध्ये डेट्रॉइटच्या रेग्युलर सीझनच्या 1608 मॅच झाल्या, त्यातल्या फक्त 44 त्याच्या चुकल्या. जो धडक मारतो त्यालाही धडक लागतेच ना, शरीर ते सगळं साठवून ठेवतं. हा पकपाशी एक पाऊल आधी पोचायचा, त्यामुळे त्याला नीट धडक मारायला माणूस सापडायचाच नाही. पेनल्टी बघा, म्हणजे फाऊल केल्यावर बाहेर बसायचा वेळ, अख्ख्या करिअरमध्ये 514 मिनिटं, म्हणजे साधारण सहा मॅचमागे एक दोन मिनिटांची पेनल्टी. पेनल्टी कधी होते, तर तुम्ही मागे पडता आणि समोरच्याला ओढता, पाडता, स्टिक अडकवता. मागे पडलाच नाही तर ओढायचा कुणाला.

पण नशिबाचं म्हणाल तर कॉन्स्टँटिनोव्हचं आठवून आजही वाईट वाटतं. 7 जून 1997 ला कप जिंकला, आणि सहा दिवसांनी, 13 जूनला, टीमच्या पार्टीहून परतताना लिमोझीन झाडावर आदळली. कॉन्स्टँटिनोव्ह आणि टीमचा मसाज करणारा सर्गेई म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला मार बसला. कॉन्स्टँटिनोव्ह तीस वर्षांचा होता, त्या वर्षी नॉरिसच्या मतदानात दुसरा आला होता, परत कधी खेळला नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये डेट्रॉइटने पुन्हा कप जिंकला तेव्हा त्याला व्हीलचेअरवर बर्फावर आणलं आणि कॅप्टन स्टीव्ह आयझरमनने कप घेऊन पहिला त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानंतर डेट्रॉइटच्या डिफेन्सचं ओझं वर्षानुवर्षं लिडस्ट्रॉमच्या खांद्यावर होतं, 2002 च्या प्लेऑफला (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्या) तर तो मॅचला सरासरी 31 मिनिटं खेळत होता, 60 मिनिटांच्या खेळात! त्या वर्षी कॉन स्माइथ ट्रॉफी, म्हणजे प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू, पहिल्यांदा युरोपियन माणसाला मिळाली ती त्याला. आयझरमननंतर 2006 ला तो कॅप्टन झाला आणि 2008 ला कप उचलणारा, युरोपात जन्मून तिथेच घडलेला पहिला कॅप्टनही तोच.

थांबला 31 मे 2012 ला. शेवटच्या सीझनला घोट्याच्या दुखण्याने काही मॅच गेल्या होत्या, पण खरं कारण त्याने स्वतःच सांगितलं की उन्हाळ्यात तयारी करताना ताकद आणि एनर्जी पूर्वीसारखी भरून येत नाहीये, आणि आपल्याला ज्या लेव्हलला खेळायचंय तिथे ते पुरणार नाही. त्या शेवटच्या वर्षीसुद्धा 70 मॅचमध्ये 34 पॉइंट होते, कुठल्याही टीमने डोळे मिटून घेतला असता. डेट्रॉइटलाही तो अजून एक वर्ष हवाच होता. मला यात फार मोठेपणा वाटतो, कारण पहिल्या जोडीत खेळणाऱ्या माणसाने तिसऱ्या जोडीत बसून दोन वर्षं काढणं सहज शक्य असतं आणि कुणी नावंही ठेवत नाही. 2015 ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, पहिल्याच वर्षी पात्र झाल्या झाल्या, फेदोरोव्हच्या सोबत.

प्रश्न: दादा मी कोल्हापूरचा, नववीत आहे, इनलाइन स्केटिंग करतो, डिस्ट्रिक्टला मेडल आहे. मला आईस हॉकीत जाता येईल का?

उत्तर: एनएचएलचं स्वप्न मी तुला दाखवणार नाही, तिथली पोरं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उभी राहतात. पण खेळता नक्की येईल. इनलाइनचा तोल आणि क्रॉसओव्हर बर्फावर बराचसा कामाला येतो, थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं, सिमेंटवर चाकं घासून थांबतो तसं बर्फावर नाही, पातं आडवं फिरवून बर्फ खरवडत थांबायचं असतं. आपल्या देशात या खेळाचं घर लडाख आहे, लेहला जानेवारी-फेब्रुवारीत कडक थंडीत मॅच चालतात, खेलो इंडिया विंटर गेम्समध्येही आईस हॉकी असते, आणि डेहराडूनला इनडोअर रिंक आहे. आपल्या मुलींच्या टीमने 2025 च्या आशिया कपला ब्राँझ आणलं, त्यातल्या बहुतेक लडाखच्या. आधी इनलाइन हॉकी स्टिक घेऊन सुरू कर, नुसती रेस नको, आणि रोजचं अर्धं स्केटिंग उलटं कर.

प्रश्न: त्याच्या कुठल्या मॅच बघाव्यात? – दोघा-तिघांनी विचारलंय

उत्तर: 1997 च्या फायनलचं वर सांगितलंच, चारही मॅच बघा. दुसरी, 21 एप्रिल 2002, प्लेऑफच्या सिरीजमधली व्हँकुव्हरविरुद्ध तिसरी मॅच. डेट्रॉइट घरच्या पहिल्या दोन्ही मॅच हरून आलं होतं, स्कोअर 1-1, दुसरा पिरियड संपायला अर्धा मिनिटही उरला नव्हता आणि लिडस्ट्रॉमने रिंकच्या मध्यावरून शॉट मारला, गोलकीपर डॅन क्लूटिएच्या हातून तो सुटला आणि गोल. तिथून डेट्रॉइटने सलग चार मॅच घेऊन ती सिरीज मारली आणि पुढे कपही. लोक क्लूटिएला हसतात, मी म्हणतो एवढ्या लांबून शॉट बरोबर गोलच्या चौकटीत ठेवणं हेही बघा.

आणि 26 फेब्रुवारी 2006, तुरिन ऑलिम्पिकची फायनल, स्वीडन विरुद्ध फिनलंड. 2-2 अशी बरोबरी, तिसरा पिरियड सुरू होऊन फक्त 10 सेकंद झालेली, स्वीडनच्याच सुंदिन आणि फोर्सबर्गने पक आत आणला आणि मागून आलेल्या लिडस्ट्रॉमने एका दणक्यात वरच्या बाजूला घातला. 3-2, गोल्ड. पण गोल बघून टीव्ही बंद करू नका, त्यानंतरची जवळजवळ वीस मिनिटं फिनलंड बरोबरीसाठी जीव तोडून खेळतंय, ती बघा, आणि बघताना नजर 5 नंबरवर ठेवा.